क्वेरीतील दुबार टेबल : निदान व चिकित्सा

दवाखान्याला जोडून स्वतःचे औषधालय चालविणाऱ्या वैद्यांपैकी अनेकांकडे रुग्णनोंदी व औषधसाठा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ठेवलेला आढळतो. ही फाइल बहुधा कधीतरी एखाद्या पुतण्याने किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याने करून दिलेली असते, तो पुढे नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो, आणि फाइल मात्र वर्षानुवर्षे चालू असते. तिच्यात हळूहळू भर पडते. दवाखान्यातील मदतनीस नवीन तक्ते तयार करतात, जुन्या क्वेरीची नक्कल काढून तीत बदल करतात, आणि एखाद्या दिवशी छापून आलेला कागद चुकीचे बोलू लागतो. या चुकीच्या अनेक कारणांपैकी एकाच कारणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ते कारण म्हणजे क्वेरीत नको असता दुसऱ्यांदा शिरलेले टेबल. विषय संगणकाचा असला तरी त्याचा परिणाम रुग्णापर्यंत कसा पोहोचतो, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. म्हणून आरंभ त्या अनुभवापासूनच करतो.

सन २०१८ च्या पावसाळ्यात आमच्याकडील अविपत्तिकर चूर्णाच्या एका बॅचसंबंधी उत्पादकाचा निरोप आला. या चूर्णात शर्करेचे प्रमाण मोठे, त्यामुळे ते ओलावा लवकर धरते. सदर बॅचच्या पाकिटांची शिलाई सदोष असल्याने आत दमटपणा शिरून बुरशी धरण्याचा संभव आहे, तरी वाटप थांबवावे व दिलेली पाकिटे परत घ्यावीत, असे कळविण्यात आले होते. औषध नियमांतील नियम १६१ अन्वये लेबलावर बॅच क्रमांक असतोच. तो आम्ही आवकेच्या वेळी संगणकात नोंदवितो आणि वाटपाच्या वेळी कोणत्या बॅचचे पाकीट दिले तेही नोंदवितो. तेव्हा यादी काढणे हे पाच मिनिटांचे काम, असे आम्ही समजलो. मदतनीस बाईंनी तयार असलेली क्वेरी उघडली, बॅच क्रमांक घातला व यादी छापली. यादीत ५७ ओळी होत्या. त्यांनी लगेच एकेका रुग्णास दूरध्वनी करण्यास आरंभ केला.

सायंकाळी आम्ही फडताळातून त्या बॅचची उरलेली पाकिटे बाजूला काढली. ती ५ भरली. खरेदीचे बिल पाहिले, तर त्या बॅचची एकूण आवकच २४ पाकिटांची. आमच्याकडे प्रत्येक पाकिटाची स्वतंत्र ओळ नोंदविली जाते, म्हणजे यादीत १९ ओळी हव्या होत्या. २४ पाकिटांतून ५७ जणांना औषध दिले कसे? तोपर्यंत वीसेक घरी दूरध्वनी जाऊन चुकले होते. त्यांतील एका वृद्ध रुग्णेने ‘दवाखान्याच्या औषधात बुरशी निघाली’ एवढेच ऐकून चूर्णाबरोबर आपल्या रक्तदाबाच्या गोळ्याही बंद केल्या, हे तिच्या मुलाने आम्हांस तिसऱ्या दिवशी सांगितले. तिला त्या बॅचचे पाकीट कधी दिलेच गेले नव्हते.

फाइलीची रचना

दोष समजण्यासाठी रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आमच्या फाइलीत मुख्य टेबले पाच आहेत. ‘रुग्ण’ या टेबलात नाव, गाव, दूरध्वनी, ‘भेट’मध्ये तपासणीचा दिनांक व वैद्य, ‘वाटप’मध्ये दिलेले प्रत्येक पाकीट, ‘साठा’मध्ये आलेली प्रत्येक बॅच, तिची आवक व मुदत, आणि ‘औषध’मध्ये केवळ औषधाचे नाव व वर्ग. एका औषधाच्या अनेक बॅच असतात, म्हणून ‘औषध’ व ‘साठा’ ही टेबले औषध क्रमांकाने जोडलेली. वाटपाची प्रत्येक ओळ मात्र एका विशिष्ट बॅचकडे बोट दाखविते; म्हणून ‘वाटप’ व ‘साठा’ ही टेबले साठा क्रमांकाने जोडलेली. ही दुसरी जोडणीच बॅच शोधण्याचा एकमेव मार्ग आहे, हे ध्यानात ठेवावे.

क्वेरी डिझाइन दृश्यात उघडली असता वरच्या भागात प्रत्येक टेबलाची एक चौकट दिसते व चौकटींना जोडणाऱ्या रेषा दिसतात. आम्ही ती क्वेरी उघडली तेव्हा पाच चौकटी व्यवस्थित दिसल्या. परंतु तळाची आडवी पट्टी उजवीकडे सरकविल्यावर सहावी चौकट पुढे आली. तिच्या माथ्यावर नाव होते ‘साठा_१’. ती ‘औषध’शी औषध क्रमांकाने जोडलेली होती, आणि बॅच क्रमांकाची अट ज्या रकान्याखाली लिहिली होती तो रकाना याच चौकटीतून घेतलेला होता.

ही चौकट आली कशी? मदतनीस बाईंना काही महिन्यांपूर्वी त्याच क्वेरीत मुदतीचा दिनांक हवा होता. त्या वेळी पट्टी सरकलेली असल्याने ‘साठा’ची मूळ चौकट पडद्याबाहेर होती. टेबल घेतलेलेच नाही, असा समज होऊन त्यांनी ‘शो टेबल’मधून ‘साठा’ पुन्हा घेतले. ॲक्सेस अशा वेळी हरकत घेत नाही. एकच टेबल दुसऱ्यांदा घेण्याची रास्त कारणेही असतात, म्हणून तो दुसऱ्या चौकटीस मूळ नावापुढे अधोरेखा व १ हा अंक जोडून टोपणनाव देतो आणि पुढे जातो. ‘औषध’कडची रेषा आपोआप आली की बाईंनी ओढली, हे आता कोणासही आठवत नाही. ॲक्सेसमध्ये आपोआप रेषा ओढण्याची सोय आहे. दोन टेबलांत एकाच नावाचे, एकाच प्रकारचे रकाने असले व त्यांपैकी एक प्रायमरी की असला की ती रेषा येते.

आता ५७ हा आकडा उलगडतो. बॅचची अट ‘साठा_१’वर होती, परंतु ‘साठा_१’ वाटपाशी थेट जोडलेले नव्हते. ते ‘औषध’मार्गे जोडलेले होते. त्यामुळे क्वेरीला आमचा प्रश्न असा ऐकू आला : ज्या औषधाची ही बॅच कधीतरी आली, ते औषध कोणाकोणाला दिले? उत्तरात तिन्ही बॅचची अविपत्तिकराची सर्व पाकिटे आली. पहिल्या बॅचची ३०, सदोष बॅचची १९ व नंतरच्या बॅचची ८, मिळून ५७. विशेष हे की यादीत एकही ओळ दुबार नव्हती. नावे खरी, दिनांक खरे, आणि प्रत्येक ओळीपुढे छापलेला बॅच क्रमांक मात्र अट घातलेलाच. असा कागद पाहून कोणास शंका यावी?

जोडरेषेवरून निदान

दुबार टेबल दिसले की ते लगेच उपटून काढण्याची घाई करू नये. तेच टेबल तीन निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळी लक्षणे उत्पन्न करते, आणि भेद रेषेत असतो.

पहिली अवस्था रेषाविरहित. दुबार चौकट कोणाशीही जोडलेली नसेल, तर एका बाजूच्या प्रत्येक ओळीशी दुसऱ्या बाजूची प्रत्येक ओळ जुळविली जाते. १९ ओळींच्या यादीत १,८४० रुग्णांचे टेबल असे मोकळे शिरले तर ३४,९६० ओळी येतात. संगणक मंदावतो, यादी संपत नाही, आणि काहीतरी बिघडले आहे हे लहान मुलासही कळते. लक्षणे तीव्र असल्याने निदान सोपे. म्हणून ही अवस्था आम्ही त्यातल्या त्यात सौम्य मानतो.

दुसरी अवस्था म्हणजे दुबार चौकट तिच्या प्रायमरी कीवरच योग्य टेबलाशी जोडलेली असणे. उदाहरणार्थ, ‘रुग्ण_१’ हे ‘भेट’शी रुग्ण क्रमांकानेच जोडलेले. प्रत्येक भेटीस एकच रुग्ण मिळत असल्याने ओळी वाढत नाहीत, उत्तरही बरोबर येते. असे टेबल केवळ ओझे असते. तथापि ते ठेवू नये, कारण पुढे कोणीतरी त्याची रेषा पुसतो व पहिली अवस्था उद्भवते.

तिसरी अवस्था आमच्या ‘साठा_१’ची. रेषा आहे, परंतु ती प्रायमरी कीवर नसून अनेक ओळींत पुनरावृत्त होणाऱ्या रकान्यावर आहे. येथे वाढ मर्यादित असते, आकडे संभाव्य वाटतात, आणि व्याधी गूढलिंग राहते. याच क्वेरीची नक्कल काढून, बॅचची अट गाळून, बाईंनी मासिक खपाचा तक्ता केला होता, हे आम्हांस नंतर समजले. त्यात प्रत्येक औषधाचा खप त्याच्या बॅचच्या संख्येने गुणला जात होता. अविपत्तिकराच्या तीन बॅच, म्हणून प्रारंभापासूनचा खप ५७ ऐवजी १७१. वस्तुतः तिन्ही बॅच मिळून आवकच ६६ पाकिटांची. वर्षातून एकदाच घेतलेल्या एखाद्या अरिष्टाची एकच बॅच, म्हणून त्याचा आकडा अचूक. जे औषध आपण वारंवार व थोडे थोडे घेतो त्याचा खप सर्वांत फुगलेला दिसणार, आणि त्यावरून अधिक मागणी नोंदविली जाणार. त्या वर्षी आमच्याकडे चूर्णे शिल्लक राहून मुदतीच्या जवळ गेली, त्यात या तक्त्याचा भाग निश्चित होता. औषधालयचालकांनी ही खूण लक्षात ठेवावी : काही औषधांचे आकडे बरोबर व काहींचे नेमके दुप्पट, तिप्पट असतील, तर बेरीज करणाऱ्यास दोष न देता क्वेरीतील चौकटी मोजाव्यात.

दुबार असून दोष नव्हे

काही ठिकाणी तेच टेबल दोनदा घेणे आवश्यकच असते. आमच्या ‘भेट’ टेबलात तपासणारे वैद्य व रुग्णास पाठविणारे वैद्य असे दोन रकाने आहेत आणि दोहोंचे क्रमांक ‘वैद्य’ या एकाच टेबलातील आहेत. यादीत दोघांचीही नावे हवी असतील तर ‘वैद्य’ची चौकट दोनदाच घ्यावी लागते, एक रेषा तपासणाऱ्याकडून पहिल्या चौकटीकडे, दुसरी पाठविणाऱ्याकडून दुसऱ्या चौकटीकडे. कोणी ‘दुबार आहे’ म्हणून दुसरी चौकट काढून दोन्ही रेषा एकाच चौकटीकडे नेल्या, तर ज्या भेटीत तपासणारा व पाठविणारा एकच वैद्य आहे तेवढ्याच भेटी उरतात, म्हणजे यादी जवळपास रिकामी होते. अतिसारात स्तंभन घाईने करावे तसा हा प्रकार आहे.

अशा रास्त दुबार चौकटीस ‘वैद्य_१’ हे टोपणनाव ठेवू नये. चौकटीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘एलिअस’ असा रकाना दिसतो. तेथे ‘प्रेषकवैद्य’ असे अर्थपूर्ण नाव लिहावे. पुढे क्वेरी उघडणाऱ्यास ती चौकट मुद्दाम घेतलेली आहे हे कळते. शिवाय पुष्कळ रुग्ण कोणी न पाठविता स्वतःच येतात, त्यांचा पाठविणाऱ्याचा रकाना रिकामा असतो. साध्या जोडणीत ते रुग्ण यादीतून गळतात. त्यासाठी त्या रेषेवर दोनदा कळ दाबून, ‘भेट’मधील सर्व ओळी घ्याव्यात, असा पर्याय निवडावा. रेषेस ‘प्रेषकवैद्य’च्या दिशेने बाण आला म्हणजे काम झाले.

रिलेशनशिप्सच्या खिडकीतही ‘वैद्य_१’, ‘वैद्य_२’ अशा चौकटी आढळतात. दोन टेबलांत दुसरा संबंध जोडताना ॲक्सेस विचारतो की संबंध आधीच आहे, तो बदलावयाचा काय. ‘नाही’ म्हटले की नवा संबंध व नवी चौकट निर्माण होते. लुकअप विझार्ड एकाच रकान्यावर पुनःपुन्हा चालविल्यानेही असे होते. या खिडकीत चौकट निवडून डिलीट कळ दाबली तर ती केवळ नजरेआड होते, संबंध कायम राहतो. संबंध खरोखर तोडावयाचा असेल तर रेषा निवडून ती पुसावी लागते. यात अधिक गुंतण्याचे कारण नाही. खिडकीतील पसारा उत्तर बिघडवीत नाही.

खरे दुबार टेबल

येथे एक भेद स्पष्ट करणे अत्यंत आवश्यक आहे, कारण त्यात चूक झाल्यास नोंदी कायमच्या जातात. ‘रुग्ण_१’ व ‘रुग्ण१’ ही दोन नावे दिसण्यात सारखी, परंतु वस्तू भिन्न. अधोरेखा असलेले ‘रुग्ण_१’ क्वेरीच्या आतच असते. ती मूळ टेबलाची छाया आहे, ती पुसल्याने एकही नोंद जात नाही. अधोरेखा नसलेले ‘रुग्ण१’ डाव्या बाजूच्या टेबलांच्या यादीत दिसते. ती स्वतंत्र वस्तू आहे. एका फाइलीतून दुसरीत टेबल आयात करताना त्या नावाचे टेबल तेथे आधीच असेल तर ॲक्सेस नव्या टेबलास नावापुढे १ लावून ठेवतो.

आमच्या परिचयाचे एक औषधालयचालक आहेत. त्यांची फाइल एकदा बिघडली, दुरुस्त करणाऱ्याने जुन्या प्रतीतून टेबले पुन्हा आयात केली, ती ‘ग्राहक१’, ‘बिल१’ अशा नावांनी आली, आणि दुरुस्ताने नोंदणीचा फॉर्म या नव्या टेबलांना जोडून दिला. चालकांस हे सांगितले गेले नाही. आठ महिन्यांनी त्यांनी फाइल स्वच्छ करण्यास घेतली आणि १ लावलेली सर्व टेबले ‘जादा’ समजून पुसली. आठ महिन्यांच्या नोंदी त्याच टेबलांत होत्या. पेनड्राइव्हवरील प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघाली, म्हणून हानी तीन आठवड्यांपुरती मर्यादित राहिली; ती बिले त्यांना कार्बनप्रतींवरून पुन्हा भरावी लागली.

म्हणून यादीतील दुबार टेबल पुसण्यापूर्वी दोन्ही टेबले उघडून ओळींची संख्या व शेवटच्या नोंदीचा दिनांक पाहावा. ज्यात कालची नोंद आहे ते जिवंत टेबल, नावापुढे अंक असो वा नसो. त्यानंतर ‘ऑब्जेक्ट डिपेंडन्सीज’ या सोयीने त्या टेबलावर कोणते फॉर्म व क्वेरी अवलंबून आहेत ते पाहावे. ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. टेबलाच्या चिन्हावर लहान बाण असेल तर ते दुसऱ्या फाइलीतील टेबलाकडे नेणारा दुवा आहे. दोन संगणकांवर एकच साठा वापरणाऱ्यांकडे टेबले पुन्हा जोडताना जुने दुवे तसेच राहून असे दुहेरी दुवे तयार होतात. दुवा पुसला तर केवळ दुवा जातो, नोंदी मूळ फाइलीत सुरक्षित राहतात. बाण नसलेले टेबल पुसले तर नोंदी जातात.

काढण्याची रीत

प्रथम ॲक्सेस बंद करून संपूर्ण फाइलीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नंतर सदोष क्वेरीची त्याच फाइलीत वेगळ्या नावाने नक्कल करून काम नकलेवर करावे.

नक्कल डिझाइन दृश्यात उघडून सर्व चौकटी पडद्यावर येतील अशा जवळ ओढून घ्याव्यात. हे क्षुल्लक वाटेल, परंतु आमच्या प्रकरणाचे मूळ पडद्याबाहेर राहिलेल्या चौकटीतच होते. चौकटी पुष्कळ असल्या तर एसक्यूएल दृश्य उघडून पाहावे. ‘फ्रॉम’ या शब्दानंतरच्या मजकुरात एकाच टेबलाचे नाव दोनदा येऊन एकापुढे ‘ॲज’ लिहिलेले आढळले, की तेच आपले टेबल. त्याच मजकुरात दोन टेबलांच्या मध्ये ‘जॉइन’ शब्द नसून केवळ स्वल्पविराम असेल, तर ती वर सांगितलेली रेषाविरहित अवस्था समजावी.

पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. दुबार चौकट पुसली की तिच्यातून खाली घेतलेले सर्व रकानेही, त्यांखाली लिहिलेल्या अटींसह, मुकाट्याने निघून जातात. आम्ही त्या सायंकाळी चौकट तडकाफडकी पुसली असती तर बॅचची अटच नाहीशी होऊन दवाखान्यातील आजवरच्या सर्व वाटपाची यादी आली असती. म्हणून आधी खालच्या जाळीतील ‘टेबल’ ही ओळ पाहावी (ती दिसत नसेल तर ‘टेबल नेम्स’ हा पर्याय चालू करावा). ज्या ज्या रकान्याखाली ‘साठा_१’ असेल तेथे ते बदलून ‘साठा’ करावे व त्या स्तंभातील रकान्याचे नाव आणि अट शाबूत आहे याची खात्री करावी. एकाही स्तंभात दुबार नाव उरले नाही, म्हणजे मग चौकट निवडून डिलीट कळ दाबावी. क्वेरीतील चौकट पुसल्याने मूळ टेबलास धक्का लागत नाही.

आता क्वेरी चालवावी. ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ असा प्रश्न येऊन त्यात ‘साठा_१’चे नाव दिसले, तर कोणत्या तरी सूत्रात ते नाव राहून गेले आहे. त्या प्रश्नास काहीतरी उत्तर टंकून पुढे जाण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, ‘रद्द’ करून सूत्र दुरुस्त करावे. क्वेरीवर आधारलेले फॉर्म व रिपोर्टही उघडून पाहावेत. फॉर्मच्या एखाद्या चौकोनात ‘#नेम?’ असे दिसले, किंवा रिपोर्ट उघडताना वरीलप्रमाणे प्रश्न आला, तर तेथेही जुने नाव उरले आहे.

‘युनिक व्हॅल्यूज’चा मोह

दुबार ओळी दिसल्या की क्वेरीच्या गुणधर्मांत ‘युनिक व्हॅल्यूज’ यापुढे ‘येस’ लिहिण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने ओळी तत्काळ कमी होतात आणि सर्वांना बरे वाटते. आमच्या मते निदानपरिवर्जन न करता केलेले हे निव्वळ लक्षणशमन आहे, आणि काही वेळा ते अपायकारक ठरते. ही सोय, छापल्या जाणाऱ्या सर्व रकान्यांत समान असलेल्या ओळींपैकी एकच ठेवते. ती ओळ चुकीने दुबार झाली की वस्तुतः दोनदा घडली, हे तिला कळत नाही. सदोष बॅचची दोन पाकिटे एकाच भेटीत एकाच रुग्णास दिलेली असतील, तर यादीत त्याचे एकच पाकीट दिसेल आणि एकच परत मागविले जाईल. आमच्या ५७ ओळींच्या यादीवर तर या सोयीने अशा एखाद्या खऱ्या जोडीपलीकडे काहीच परिणाम झाला नसता, कारण चूक दुबार ओळींची नव्हतीच.

बेरजेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. एका भेटीत तीन औषधे व दोन पंचकर्म उपचार नोंदविले आहेत, आणि वाटप व उपचार ही दोन्ही टेबले एकाच क्वेरीत ‘भेट’शी जोडली, तर तीन गुणिले दोन अशा सहा ओळी होतात, औषधांची रक्कम दुप्पट व उपचारांची तिप्पट मोजली जाते. येथे दुबार टेबल एकही नसते आणि प्रत्येक रेषाही योग्य असते. अशा वेळी औषधांची बेरीज एका क्वेरीत, उपचारांची दुसऱ्या क्वेरीत स्वतंत्रपणे करून घ्यावी व मग त्या दोन बेरजा भेट क्रमांकाने जोडाव्यात.

पडताळा

क्वेरी शुद्ध झाली की नाही, हे क्वेरीलाच विचारून कळत नाही. पडताळा बाहेरून घ्यावा लागतो. आम्ही आता कोणतीही नवी यादी छापण्यापूर्वी किती ओळी येणे संभवनीय आहे ते आधी कागदावर लिहितो. बॅचच्या यादीसाठी तो आकडा म्हणजे बिलावरील आवक उणे फडताळातील शिल्लक. खपाच्या तक्त्यासाठी, कोणत्याही औषधाचा खप त्याच्या एकूण आवकेपेक्षा अधिक असू नये एवढी अट. फडताळ मोजण्यास दहा मिनिटे लागतात व त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. रसौषधींच्या बाबतीत हा पडताळा आम्ही दर महिन्यास घेतो, इतर औषधांचा तिमाहीस.

त्या सायंकाळी ‘साठा_१’ काढून क्वेरी पुन्हा चालविली तेव्हा १९ ओळी आल्या. रुग्ण १७ होते, कारण दोघांना एकाच भेटीत दोन-दोन पाकिटे दिलेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः या सतराही जणांशी बोललो. अकरा पाकिटे परत आली, त्यांपैकी चारांत गाठी धरल्या होत्या. आठ पाकिटे संपलेली होती. त्या रुग्णांना तपासणीस बोलाविले, कोणास उपद्रव झालेला नव्हता. ज्या वीसेक घरी आदल्या दिवशी दूरध्वनी गेला होता त्यांतील यादीबाहेरच्या लोकांना पुन्हा दूरध्वनी करून, त्यांचे पाकीट त्या बॅचचे नाही, असे सांगण्यास आम्हांस दोन दिवस लागले. त्या वृद्ध रुग्णेच्या घरी आम्ही समक्ष गेलो व तिच्या गोळ्या पुन्हा चालू करविल्या.

जुनी क्वेरी आम्ही पुसली नाही. तिचे नाव बदलून ‘वापरू नये’ असे ठेवले आहे, आणि नवीन मदतनीस आला की पहिल्या आठवड्यात त्याला ती उघडून सहावी चौकट शोधावयास सांगतो.